परत येणार ना? नांदेड-लातूरकरांची परदेशवारी आणि व्हिसाचे कागद

सोयाबीनची पट्टी हातात पडली, दिवाळी उरकली की आमच्या भागातल्या मोबाइलांवर एक यादी फिरायला लागते. ‘भारतीयांना व्हिसा न लागणारे देश’. खाली रंगीत झेंडे, शेजारी समुद्राचे फोटो. लातूरच्या गंजगोलाईत कापडाचं दुकान असलेला माणूस ती नांदेडच्या व्याह्याला पाठवतो, व्याही ती साऱ्या भावकीत टाकतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची बोलणी सुरू होतात. यादी खोटी असते असं नाही. ती बहुधा शिळी असते.

इराणचंच पाहा. 4 फेब्रुवारी 2024 पासून भारतीय पर्यटकांना इराणमध्ये काही अटींवर व्हिसा लागेनासा झाला. त्या सवलतीच्या आडून नोकरीचं आमिष दाखवून माणसं नेली गेली, तिथे डांबून घरच्यांकडून खंडणी मागितली गेली, आणि 22 नोव्हेंबर 2025 पासून इराणने ती सवलत थांबवली. यादीतलं इराण मात्र नंतरही फिरत राहिलं. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांसाठी दार उघडलं, जुलै 2024 मध्ये मुक्काम 60 दिवसांचा केला आणि 1 मे 2025 पासून निघण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरणं सक्तीचं केलं. मलेशियात 1 डिसेंबर 2023 पासून पर्यटकाला व्हिसा लागत नाही, पण तिथेही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत तसलंच डिजिटल कार्ड भरावं लागतं. व्हिसा नाही म्हणून निश्चिंत झालेली मंडळी मग विमानतळावरच्या रांगेत मोबाइलवर फॉर्म भरत बसतात, त्यातही आजीचा पासपोर्ट नंबर कुणाला पाठ नसतो.

‘व्हिसा लागत नाही’ याचा अर्थ एवढाच, की जे प्रश्न मुंबईत विचारले गेले असते ते आता बँकॉकच्या किंवा क्वालालंपूरच्या खिडकीवर विचारले जातील. कशाला आलात? खर्चाला पैसे आहेत का? परत कधी जाणार? परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवा म्हणाले तर दाखवावं लागतं. पटलं नाही तर तिथूनच माघारी पाठवायचा अधिकार त्यांना आहे, आणि अगदी व्हिसा चिकटवलेला असला तरी तो असतोच. जगभरच्या व्हिसा-नियमांची पानंच्या पानं चाळली तरी या तीन प्रश्नांपलीकडे फारसं काही सापडत नाही, आणि त्यातही खरा प्रश्न तिसरा. परत येणार ना? नांदेड-लातूरच्या माणसाकडे परत येण्याची कारणं ढीगभर आहेत. शेत आहे, म्हातारी आई आहे, आडतीवर देणं-घेणं आहे, धाकट्याचं लग्न आहे. त्या कारणांचे कागद मात्र नाहीत. आमची सारी अडचण या एका जागी आहे.

सुरुवात पासपोर्टपासूनच होते. पासपोर्ट काढणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. जानेवारी 2017 मध्ये टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू करण्याची योजना आली आणि पुढे नांदेड-लातूरलाही ती झाली. साध्या 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2,000. अडतं ते पैशांवर नाही, नावावर आणि जन्मतारखेवर.

मराठवाड्यातल्या साठीपुढच्या कुठल्याही दहा जणांचे शाळा सोडल्याचे दाखले मांडून बसा. निम्म्यांचा जन्म 1 जूनचा निघेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बापाला विचारलं, बाप म्हणाला ‘पोळ्याच्या आसपास झाला’, आणि गुरुजींनी शाळा सुरू होण्याची तारीख धरून वयाचा हिशेब जुळवला. मग बाप, काका आणि चुलतभाऊ एकाच तारखेला जन्मलेले. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. पण आधारवर नुसतं साल, पॅनवर एक तारीख आणि निर्गम उताऱ्यावर तिसरीच, असं असलं की अर्ज अडकतो. किल्लारीच्या बाजूला तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात घरंच्या घरं बसली. माणसं ढिगाऱ्याखाली गेली तिथे पेटीतल्या दाखल्याची काय कथा! अशा घरातल्या कर्त्याला आज तारीख सिद्ध करायची तर शाळेच्या रजिस्टरवरून प्रवेश-निर्गम उतारा काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी शाळेचं जुनं रजिस्टर शाबूत असावं लागतं. नव्या पिढीला हा जाच नसेल. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हाच एकमेव पुरावा धरला जातो. म्हणजे आज पाळण्यात असलेल्याचं नाव ग्रामपंचायतीत नीट लागलंय की नाही, ते आत्ताच बघून घ्यावं.

नावाचा घोळ याहून चिवट. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. बँकेत स्वतःचं नाव आधी. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी धाटणी, त्यात बाईच्या नावापुढे कधी ‘बी’, कधी ‘बेगम’. आता पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच : दिलेलं नाव आणि आडनाव. पहिलं ‘शेख’ आडनावात घालायचं की दुसरं? एका भावाने एक केलं, दुसऱ्याने दुसरं, आणि उमऱ्याच्या (मक्केच्या यात्रेच्या) तिकिटावर दोघं सख्खे भाऊ कागदोपत्री परके झाले. काहींनी आडनावाचा रकाना सरळ कोराच सोडला. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक म्हणून घेणं बंद केलं, तेव्हा अशा कोऱ्या रकान्यांची किंमत कळली. लग्नानंतर बदललेलं नाव, माहेरचं आडनाव असलेली पदवी, सासरच्या नावाचं आधार हे तर घरोघरी आहे. एकदा राजपत्रात नावबदल छापून घेतला की पुढची वीस वर्षं सुखाची जातात. पण ते काम लोक व्हिसा अडल्यावर करायला घेतात.

मग पोलीस पडताळणी. शहरात ठाण्याचा माणूस टॅबलेट घेऊन येतो, फोटो काढतो, काम संपतं. गावात दोन शेजारी लागतात, शिवाय पोलीस पाटलाचा शब्द लागतो. गावात राहून शहराचा पत्ता दिलेल्यांची गंमत इथे होते. मुलगा लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहतो, आधारवर तोच पत्ता, आणि पडताळणीला हवालदार आला तर खोलीला कुलूप.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टमध्ये ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असं, लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच आयाबायांच्या पासपोर्टवर ते असतं आणि त्या उगाच घाबरतात. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालची ती अट आखाती देशांसह ठरावीक 18 देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला किंवा लेकीकडे जाणाऱ्या बाईला त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, परतीचं तिकीट आणि तिथला व्हिसा हाताशी असला की झालं. ही अट टाळण्यासाठी माणसांना पर्यटक म्हणून दुबईला चढवणारे एजंट मात्र तालुक्या-तालुक्याला आहेत. ‘आधी व्हिजिटवर चला, तिथे गेल्यावर कामाचं बघू’ असं कुणी म्हणाला की तिथेच उठावं. पर्यटक व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, आणि मुदत संपल्यावर दिवसागणिक दंड चढतो.

जवळच्या देशांचं थोडक्यात. नेपाळ-भूतानला व्हिसा नाही. विमानाने नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. 15 ते 65 वयाच्या माणसाला आधारवर तिकडे जाता येत नाही, हे आमच्याकडे अजूनही अनेकांना विमानतळावर कळतं. नांदेड-लातूरच्या बौद्ध वस्त्यांतून दर हिवाळ्यात धम्मयात्रेच्या बसगाड्या निघतात, बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत सोनौलीहून लुंबिनीत उतरतात. परदेशाची पहिली पायरी म्हणजे लुंबिनी, असं आमच्याकडच्या कित्येक आजीबाईंच्या बाबतीत खरं आहे, आणि त्यांना परदेशात जाऊन आल्यासारखं वाटतही नाही. भूतानमध्ये भारतीयांकडून माणशी दर रात्रीचे 1,200 रुपये घेतले जातात. पूर्वी ते नव्हते, सप्टेंबर 2022 पासून आले. मालदीव पोहोचल्यावर शिक्का देतं, मॉरिशसला व्हिसा नाही, व्हिएतनामचा 90 दिवसांचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. केनियाला सफारीला जाणाऱ्यांनी व्हिसापेक्षा पीतज्वराच्या लसीकडे बघावं. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड नसेल तर अडवणारं सरकार आपलंच असतं, परत येताना मुंबईत. सहा महिन्यांची मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. तो ठाऊक सगळ्यांना असतो, पण पासपोर्ट उघडून बघतो कोण?

दुबईचा व्हिसा म्हणजे अर्धा व्यापार. विमान कंपनी, हॉटेल किंवा तिथला परवानाधारक एजंट तो काढून देतो, दूतावासाचं तोंड बघावं लागत नाही. 2024 च्या अखेरीस तिथे हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट अर्जासोबतच मागायला सुरुवात झाली आणि नकार वाढल्याच्या तक्रारी आल्या. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मात्र अमिरातीत उतरल्यावर व्हिसा मिळतो. म्हणजे ज्याच्याकडे एक मोठा शिक्का आहे त्याला पुढचे आपोआप मिळतात. सावकाराच्या दारी ज्याचं घर पक्कं त्याला कर्ज लवकर मिळावं, तसंच हे.

सौदीचा मामला श्रद्धेचा असल्याने तिथली फसवणूक जास्त जिव्हारी लागते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडून मोठ्या संख्येने लोक हज-उमऱ्याला जातात. सौदी अरेबियाने सप्टेंबर 2019 पासून पर्यटक व्हिसा देणं सुरू केलं आणि त्या व्हिसावर उमरा करता येतो. हज करता येत नाही. हजचा व्हिसा वेगळा, त्याचा कोटा देशनिहाय, भारताचा तो सुमारे पावणेदोन लाखांचा. हज समितीच्या सोडतीत नंबर लागला नाही म्हणून कुणी ‘दुसऱ्या मार्गाने’ हजला नेतो म्हणाला, तर तो दुसरा मार्ग म्हणजे पर्यटक व्हिसाच असतो. 2024 च्या हजमध्ये उन्हाने 1,300 हून अधिक माणसं मेली. त्यांतले बहुतेक विनापरवाना आलेले होते, म्हणून त्यांना सावलीचे तंबू आणि वातानुकूलित बस यांपैकी काहीच नव्हतं. मेंदुज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र हज-उमऱ्याला सक्तीचं आहे, आणि एजंट ‘ते मी बघतो’ म्हणाला तरी लस आपण स्वतः दंडात टोचून घ्यावी.

आता युरोप. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या खेड्यात 1985 साली करार झाला. आज त्या व्यवस्थेत 29 देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. मात्र कुठल्याही 180 दिवसांत 90 पेक्षा जास्त दिवस नाही. जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो फी, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो, चेहरा ठरलेल्या मापातच, आणि हे माप लातूरच्या स्टुडिओवाल्याला आता तोंडपाठ आहे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ते साधारण पाच वर्षं चालतात. 2024 मध्ये भारतातून 11 लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. नाकारला तरी फी परत नाही.

नाकारण्याच्या पत्रात छापील कारणांपुढे खुणा केलेल्या असतात. आमच्या भागात बहुधा एकच खूण दिसते : परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका. ही शंका कशी येते ते समजून घ्यायचं तर चाकूर किंवा अर्धापूर तालुक्यातल्या वीस एकरवाल्याची फाइल त्या अधिकाऱ्याच्या नजरेने बघावी लागेल. पगाराची पावती नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र नाही, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि ‘कर नाही तर रिटर्न कशाला’ हा बापजाद्यांचा हिशेब. बँकेचं स्टेटमेंट गेल्या तीन किंवा सहा महिन्यांचं मागतात. मे महिन्याच्या सहलीसाठी मार्चमध्ये काढलेल्या स्टेटमेंटात काय दिसतं? नोव्हेंबरात सोयाबीनचे एकदम चार-साडेचार लाख. मग शांतता. फेब्रुवारीत तुरीचे दोन लाख. त्याच आठवड्यात खतवाल्याचं देणं, सोसायटीचा हप्ता, शिल्लक तीस हजार. पॅरिसच्या दृष्टीने ही व्यक्ती संशयास्पद आहे. पगार येत नाही, मोठी रक्कम अचानक येते आणि लगेच जाते. आणि कुणाच्या सल्ल्याने अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून पाच लाख आणून खात्यात ठेवले असतील तर संशय पक्काच झाला.

हाच माणूस खरं तर परत येणारच. जून उजाडला की त्याला पेरणीला घरी यावंच लागतं. त्याच्याइतकं जखडलेलं कुणी नाही. पुण्यातला आयटीवाला उद्या बर्लिनला नोकरी मिळाली तर राहील, पण त्याच्या सहा पगारपावत्यांवर दोन आठवड्यांत व्हिसा येतो. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो भरवशाचा माणूस आहे तो महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा आहे, आणि हंगामावर जगणारा माणूस त्या साच्यात बसत नाही. माझ्या मते नियमातली खरी खोट हीच. गंमत अशी, की आपलं सरकारही कर्ज देताना अगदी हेच करतं.

यावर उपाय नाहीत असं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरता येतं आणि त्यात करमुक्त उत्पन्नाचा वेगळा रकाना आहे. पाच हजारांच्या वर शेती-उत्पन्न असेल तर सर्वांत सोपा पहिला फॉर्म चालत नाही, आणि पाच लाखांच्या वर असेल तर जमिनीचा तपशीलही द्यावा लागतो. तीन वर्षं असं विवरणपत्र भरलेला शेतकरी फाइलमध्ये एकदम बोलायला लागतो. सातबारा आणि आठ-अ यांची इंग्रजी भाषांतरं नोटरी करून लावायची, आडतीच्या हिशेबपट्ट्या जोडायच्या, आडत्याकडून येणारे पैसे रोखीत न घेता खात्यावर घ्यायचे. एका पानाचं साधं पत्र जोडायचं : माझं पीक या महिन्यात विकलं जातं, म्हणून रक्कम या महिन्यांत आली. व्हिसा-एजंट हे पत्र लिहून देत नाहीत, ते ठरलेल्या मजकुराचं पत्र देतात ज्यात प्रत्येक शेतकरी ‘कृषी उद्योजक’ होतो. ते फेकून द्यावं आणि आपल्या गावाचं नाव असलेलं लिहावं. केसरी, वीणा वर्ल्ड अशा मराठी पर्यटन कंपन्यांबरोबर जाणाऱ्यांची फाइल निदान नीटनेटकी लागते, पण खात्यातले आकडे कुणी बदलू शकत नाही.

एकदा व्हिसा मिळून वेळेत परत आलात की पुढचा रस्ता सोपा. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी खास नियम केला. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी यंत्रणा बसू लागली आहे. एक दिवस जास्त राहिलात तरी यंत्र विसरत नाही.

अमेरिकेचा कायदा त्याहून सरळ बोलतो. 1952 च्या कायद्याच्या कलम 214(ब) प्रमाणे अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. आपल्या कोर्टात आरोपी निर्दोष धरून खटला सुरू होतो, इथे उलट. 185 डॉलर भरा, अर्ज ऑनलाइन भरा, महिनोन्‌महिने तारखेची वाट बघा आणि मग खिडकीपुढे दोन-तीन मिनिटं. कागद फारसे बघतच नाहीत. लातूरच्या शिक्षकबाईंना त्यांची लेक टेक्सासमध्ये बाळंत होणार म्हणून जायचंय. त्यांना एजंटाने पढवलेलं असतं, ‘फिरायला जातेय म्हणा, बाळंतपणाचं बोलू नका.’ अगदी चुकीचा सल्ला. लेकीच्या मदतीला जाणं हे पर्यटक व्हिसाला चालणारं कारण आहे. खोटं बोललेलं उघड झालं तर मात्र कायमची बंदी येऊ शकते. कशाला जाता, किती दिवस, इथे मागे कोण आहे, पेन्शन किती, ही उत्तरं सरळ आणि आपल्या भाषेत द्यावीत. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतून देता येते. नांदेडकराला हैदराबाद निम्म्या अंतरावर आहे, तिथेही 2008 पासून अमेरिकेची वकिलात आहे, पण मराठीसाठी म्हणून रात्रभर गाडीत बसून वांद्रे-कुर्ला संकुल गाठणारे पुष्कळ आहेत. सप्टेंबर 2025 पासून मुलाखतीची सूट फार आकुंचन पावली. ऐंशी आणि त्यापुढच्या आजोबांना पूर्वी कागद नुसते टाकून यायची सोय होती, आता त्यांनाही उभं राहावं लागतं.

हैदराबादवरून आठवलं. आपल्या आजोबांच्या पिढीला सीमा ओलांडायला परदेशी जावं लागत नव्हतं. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने बार्शीला निघालं की निजामाची हद्द संपायची. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर बोचकं सोडून दाखवायचं, निजामाचा हाली सिक्का मोडून इंग्रजांचा कलदार रुपया घ्यायचा. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर ती हद्द गेली, हाली सिक्का काही वर्षं रेंगाळला. त्याच सुमारास कराचीला गेलेल्यांची इकडे राहिलेली भावंडं एकदम परदेशी नातेवाइकांची झाली. जुलै 1948 मध्ये परमिट आलं, ऑक्टोबर 1952 मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा उरल्यासुरल्या भेटीगाठीही थांबल्या.

आतापर्यंत आपण बाहेर जाणाऱ्याच्या बाजूने बोललो. नांदेडला दुसरी बाजूही रोज दिसते. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथे देह ठेवला, आणि सचखंड हजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. कॅनडातलं ब्रॅम्प्टन, लंडनमधलं साउथॉल, क्वालालंपूर इथून यात्रेकरू येतात. 2008 मध्ये गुरुता-गद्दीला, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याला, 300 वर्षं झाली तेव्हा शहराचे रस्ते, घाट, विमानतळ सगळं नव्याने उभं राहिलं. या पाहुण्यांना परत जाणार ना, हे विचारायची गरज आपल्या सरकारला सहसा वाटत नाही. आपलं सरकार वेगळंच विचारतं : तुम्ही नेमके कोण?

नोव्हेंबर 2014 मध्ये 43 देशांपासून सुरू झालेला भारताचा ई-व्हिसा आज पावणेदोनशेच्या आसपास देशांना आहे. तो ठरावीक विमानतळांवरच चालतो. अमृतसर, दिल्ली, मुंबई, हैदराबाद त्यात आहेत, नांदेड नाही. म्हणून टोरांटोचा यात्रेकरू अमृतसरला उतरतो आणि सचखंड एक्सप्रेसने इकडे येतो. आईबाप किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे नागरिक असतील तर ई-व्हिसा नाही, नेहमीचा अर्ज आणि लांबलचक चौकशी. पासपोर्ट ब्रिटनचा असला म्हणून सुटका नाही. कोविडनंतर ब्रिटिश आणि कॅनडियन नागरिकांचा ई-व्हिसा बराच काळ बंद राहिला. ब्रिटिशांचा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. कॅनडियनांच्या बाबतीत सप्टेंबर 2023 मध्ये दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि भारताने त्यांचे व्हिसाच थांबवले. ई-व्हिसा 22 नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाला, पण मधला दसरा, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातला मोठा सण, हातचा गेला. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलेल्यांना यातलं काही बाधलं नाही.

याहून लांब पल्ल्याची गोष्ट काळ्या यादीची. 1980 च्या दशकात पंजाब पेटला असताना परदेशात आश्रय मागितलेल्या कित्येक शिखांची नावं केंद्राच्या यादीत गेली आणि त्यांना, त्यांच्या घरच्यांना भारताचा व्हिसा मिळेना. तीन दशकांनी, सप्टेंबर 2019 मध्ये, 314 पैकी 312 नावं काढली गेली. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याचा मार्ग उघडला. व्हिसा नाही, पण पासपोर्ट लागायचा, 20 डॉलर पाकिस्तानला द्यायचे आणि संध्याकाळी परतायचं. नांदेडच्या शीख घरांतून तिकडे जायची हौस मोठी होती. कोविडात तो बंद पडला, नोव्हेंबर 2021 मध्ये उघडला, मे 2025 मध्ये भारताने पुन्हा बंद केला.

पाहुणा नांदेडात पोहोचला की शेवटचा कागद यजमानाचा. परदेशी माणसाला ठेवून घेणाऱ्याने चोवीस तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. ‘फॉर्म सी’ म्हणून ती ओळखली जाते. यात्री निवासात, हॉटेलात ते बिनबोभाट होतं. पण कॅनडाचा पासपोर्ट घेतलेला मावसभाऊ आपल्याच घरी आठ दिवस उतरला तर ती जबाबदारी आपली आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. 1946 चा परकीय नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झाला. नियम कडक झालेत आणि खासगी घरांनाही त्यातून सूट नाही. भावाचा पासपोर्ट मागायला संकोच वाटतो, हे खरं. त्याला मुंबईच्या विमानतळावर परतताना कुणी विचारलं तर मात्र पत्ता आपल्याच घराचा सांगितला जाणार आहे.